माणूस मालकाच्या कप्प्यात

घरात कात्री सापडत नव्हती. बायकोनं शिवणाचा डबा पालथा घातला, कपाट उपसलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. शेवटी कंटाळून कांदे काढायला गेली, तर भाजीच्या टोपलीत, कांद्यांच्या खाली कात्री.

"ही इथं कुणी ठेवली?"

"मी," पेपरातून डोकं वर न काढता नवरा म्हणाला. "भाजीवालीकडून घेतली होती ना आपण? मग भाजीतच जाणार."

बायकोनं कपाळावर हात मारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुठवर? तिनं कात्रीला चिकटलेली कांद्याची सालं झटकली आणि शिवणाचा डबा उघडला.

अशा माणसाला कचेरीत कप्पेसाहेब म्हणत, यात कचेरीची काही चूक नाही. सरकारच्या मोजणी कचेरीत ते मधल्या फळीतले अधिकारी होते. देशात कोण काय काम करतं, हे या कचेरीनं ठरवायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, काम करणाऱ्याला विचारलं की झालं. अहो, असं ज्याला त्याला विचारत सुटलं तर कचेरी कशाला हवी?

एकदा मंत्र्यांनी विचारलं, इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात आपली माणसं किती? झालं, कचेरीत वादाला तोंड फुटलं. एक म्हणाला, जो बोर्ड जोडतो तो इलेक्ट्रॉनिक्सवाला. दुसरा म्हणाला, मग त्याच कारखान्यातला आचारी कुठं घालायचा? तिसरा म्हणाला, आधी जेवून घेऊ. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. शेवटी कप्पेसाहेब उठले आणि एका ओळीत निकाल लावून मोकळे झाले. माणूस मालकाच्या कप्प्यात! ज्याच्या हजेरीपटावर नाव, त्याचा जो धंदा, तोच माणसाचा धंदा. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या हातानं कप्पेसाहेबांच्या कपात चहा ओतला.

मग नियम कामाला लागला. शहराबाहेर एक मोठा कारखाना होता, तिथं फोनच्या पोटात बसतात ते हिरवे बोर्ड तयार होत. त्या कारखान्याचा आचारी इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेला. ड्रायव्हर गेले. पाहुण्यांच्या बंगल्यातल्या उशांचे अभ्रे बदलणारा गेला. मालकाच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत मासे होते, त्यांना दाणे टाकायला एक माणूस होता, तोही गेला. आणि जिथं खरोखर बोर्ड जोडले जात, त्या लाइनवर मान मोडून बसणाऱ्या बायका? त्या ठेकेदारानं आणलेल्या. ठेकेदाराचा धंदा माणसं पुरवण्याचा. सुरुवात त्यानं माळी आणि रखवालदारांपासून केलेली. तेव्हा बायकाही त्याच कप्प्यात. कप्प्याचं नाव होतं 'माळी, रखवालदार व तत्सम'.

या तत्समांत कप्पेसाहेबांची सख्खी थोरली बहीण होती, आणि हे कप्पेसाहेबांना माहीत नव्हतं.

हसू नका. ताई त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. बाप लवकर गेला, तेव्हा ती कारखान्यात कामाला लागली आणि हे कॉलेजात. सकाळी ती जाते, संध्याकाळी येते, एवढं त्यांना ठाऊक होतं. तिच्या गळ्यातल्या कार्डावर कुणाचं नाव आहे, हे मात्र त्यांनी कधी वाचलं नव्हतं. अख्ख्या देशाची कार्डं वाचणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ताईचं काम सोल्डरिंगचं, म्हणजे डाख द्यायचं. बाजरीच्या दाण्याएवढे भाग चिमट्यानं धरायचे, बोर्डावर टेकवायचे, तापलेलं टोक लावायचं आणि वर सोल्डरची तार. प्रत्येक टाक्याला धुराची एक बारीक शेपटी निघते. भाग इतके बारीक की डोकं खाली घालावंच लागतं, आणि डोकं खाली घातलं की धूर सरळ नाकात. पहिली काही वर्षं ताई म्हणायची, वास बरा आहे, झाडाच्या चिकासारखा. मग सर्दी हटेना. मग खोकला. आता रात्री तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची, आणि तिच्या छातीतली शिट्टी भिंतीपलीकडे ऐकू यायची.

"हा सोल्डरच्या धुराचा दमा," गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं. "एक तर काम सोडा, नाही तर टेबलाशी धूर ओढणारा पंखा बसवून घ्या. आहे असंच चाललं तर वर्षभरात घरातल्या घरात चालायचे वांधे होतील."

काम ताईला सोडायचं नव्हतं. लाइनवर तिच्या हातचा टाका ओळखू यायचा, गोल आणि चकचकीत. नव्या मुली तो बघायला यायच्या. ती मॅनेजरकडे गेली. मॅनेजर भला माणूस, त्यानं बसायला खुर्ची दिली.

"बसवू की पंखे," तो म्हणाला. "सरकारनं सांगितलं की लगेच. सरकार काही म्हणत नाही, याचा अर्थ हवा चांगली आहे."

ताईनं घरी येऊन हे सांगितलं तर कप्पेसाहेब चक्क टाळी वाजवून हसले. "अगं, मग झालंच की काम! आमची दम्याची मोजणी निघालीय. ज्या उद्योगात तक्रारी मर्यादेबाहेर, तिथं पंखे सक्तीचे. कायदाच आहे."

"म्हणजे माझी तक्रार धरतील?"

"धरतील म्हणजे? तुझी, तुझ्या मैत्रिणींची, सगळ्यांची."

"बघ हं, बारक्या." ताई त्यांना अजून बारक्या म्हणायची. "जिन्याच्या मध्यावर माझा श्वास संपतो. दोन पायऱ्यांसाठी हल्ली मी कठड्याला विनवण्या करते."

"मी आहे ना," बारक्या म्हणाला.

मोजणी झाली. डॉक्टरांची पथकं फिरली, नळीत फुंकायला लावून आकडे लिहून घेतले. ताईनं फुंकलं तेव्हा नळीतला मणी जागचा हललाच नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी "अरेरे" म्हणून तिच्या नावापुढे ठसठशीत खूण केली. ताई त्या दिवशी खुशीत घरी आली. आजारी ठरल्याचा असा आनंद कुणाला झालेला पाहिलाय?

निकाल कप्पेसाहेबांच्याच टेबलावर आला. इलेक्ट्रॉनिक्स उद्योग, श्वासाच्या तक्रारी जवळजवळ नाहीत. देशातला सर्वांत निरोगी उद्योग! आचारी ठणठणीत, ड्रायव्हर ठणठणीत, माशांना दाणे टाकणारा तर एका फुंकरीत नळीतून मणी उडवतो की काय अशा छातीचा. आणि खाली, 'माळी, रखवालदार व तत्सम'. तिथं दमाच दमा. तज्ज्ञांनी शेरा मारला होता की माळ्यांचा फुलांच्या परागांशी संबंध येतो, हे लक्षात घ्यावे.

कप्पेसाहेब शेरा वाचून मान डोलावत घरी आले. चप्पल काढताना सहज खुंटीकडे लक्ष गेलं. ताईचं कार्ड लटकत होतं. फोटो ताईचा, वर नाव ठेकेदाराचं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, तसं त्यांनी ते पुन्हा खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते.

"साहेब, त्या माळी-रखवालदारांत बोर्ड जोडणाऱ्या बायका आहेत. दमा त्यांना आहे. धुराचा."

"असेल," मोठे साहेब म्हणाले. "पण त्या माळ्यांत कशा गेल्या?"

"नियमानं."

"कुणाच्या?"

"माझ्याच, साहेब."

"अहो, मंत्र्यांनी 'सर्वांत निरोगी उद्योग' असं भाषणात म्हणूनसुद्धा टाकलं. टाळ्या पडल्या. आता टाळ्या परत घ्यायच्या का?" साहेबांनी आवाज मऊ केला. "आणि एवढं काय मनाला लावून घेता? पंखे बसणारच आहेत. तक्रार ज्या कप्प्यात, पंखे त्या कप्प्याला. सरकार कुणाला वाऱ्यावर सोडत नाही."

नाहीच सोडलं. हुकूम निघाला. पहिल्यांदा कारखान्याच्या फाटकाशी ट्रॅक्टर आला आणि फुलांचे सगळे वाफे मुळासकट उपटून घेऊन गेला. मग तिथल्या माळीकाकांना तोंडाला बांधायला जाड मुखवटा मिळाला आणि ते मोकळ्या हवेत घुसमटायला लागले. आणि पंखे? पंखे आस्थापनेच्या नोंदलेल्या पत्त्यावर. ठेकेदाराचा नोंदलेला पत्ता म्हणजे बाजारात एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. त्यात एक टेबल, एक खुर्ची आणि एक ठेकेदार. छताला ओळीनं मोठाली पत्र्याची धुराडी टांगली गेली, प्रत्येकाला हत्तीच्या सोंडेएवढी नळी. बटण दाबताच ठेकेदाराच्या टेबलावरचे कागद वर गेले, भिंतीवरचं कॅलेंडर वर गेलं, आणि त्यानं टक्कल झाकायला डावीकडून उजवीकडे ओढून बसवलेले केससुद्धा उभे राहिले.

हे सगळं ताईला माळीकाकांनी सांगितलं. ते बिचारे मुखवटा हनुवटीवर ओढून, डोळे पुसत घरी आले होते. "चोर सोडून संन्याशाला फाशी, ताई! वीस वर्षांची बाग माझी. मला साधं शिंकायलासुद्धा कधी आलं नाही हो. कचेरीतले म्हणतात, तुमच्यातच दमा सापडलाय. माझ्यात कुठं सापडला? आम्ही माळी तर चौघेच!"

ताईनं त्यांना पाणी दिलं. संध्याकाळी कप्पेसाहेब जेवायला बसले तेव्हा ती समोर येऊन बसली.

"बारक्या, तू मला कुठं मांडलंस रे?"

घास हातातच राहिला. "ताई, ते असं असतं की..."

"कसंही असो. कुठं?"

"माळी, रखवालदार व तत्सम."

"मी माळी आहे?"

"नाही."

"रखवालदार?"

"नाही गं."

"मग मी तत्सम." ताईनं दम घेतला. "अरे, जन्मात एक रोप लावलं नाही मी. तुझ्या फीसाठी वर्षानुवर्षं धूर गिळला, आणि तू मला तत्सम केलंस? रोग रेड्याला नि औषध पखालीला! त्या टकल्याच्या खोलीत काय धूर होता रे?"

बायको ताटात वाढता वाढता थांबली.

"वन्सं, त्यांना काय विचारता?" ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला कांद्याखाली ठेवलंय."

कप्पेसाहेबांना रडू आलं. खोटं कशाला सांगू, खरंच आलं. पण ताईनं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. ती म्हणाली, "तो हुकूम वाचून दाखव. सगळा."

त्यांनी वाचला. शेवटून दुसरं वाक्य असं होतं की, श्वासाची तक्रार असलेल्या कोणत्याही कामगारास पंख्याविना कामास बसवू नये.

"पुन्हा वाच," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदारानं खोलीचं कुलूप काढलं तर जिन्यात बायकांची रांग. प्रत्येकीच्या पिशवीत आपापलं सोल्डरिंगचं सामान. पुढे ताई, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत.

"हे काय? कुठं निघालात?"

"कामावर," ताई म्हणाली. "पंख्याविना बसवू नये म्हणून सरकार सांगतंय. पंखे इथं आहेत. सरकारचा शब्द मोडायचा का आम्ही?"

ठेकेदारानं कारखान्यात फोन लावला. मॅनेजरनं आधी शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. माल जहाजावर चढायचा होता आणि लाइन रिकामी. कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही. बायका गैरहजर नाहीत, संपावर नाहीत, उलट हुकूम पाळतायत. अडला हरी म्हणतात तसं झालं. दुपारपर्यंत कँटीनच्या गाडीतून बोर्डांचे ट्रे बाजारात आले. ठेकेदाराचं टेबल गेलं, फळ्या टाकल्या, तारा ओढल्या. बायका दाटीवाटीनं बसल्या आणि काम सुरू झालं.

ताईनं पहिला टाका लावला. धुराची शेपटी उठली, तिच्या नाकाकडे वळली, आणि मध्येच कुणीतरी वेणी धरून ओढावी तशी वर नळीत गेली. ताई बघतच राहिली. तिनं उगाच आणखी एक टाका लावला, नुसतं ते पाहायला. मग शेजारणीला कोपर मारलं आणि दोघी हसत सुटल्या.

आठवड्याभरात ताई दोन उशांवर आली. जिन्यात एकदाच थांबायला लागली. घरी येऊन गुणगुणायचीसुद्धा, पूर्वीसारखी. कप्पेसाहेब भिंतीला कान लावून ऐकायचे आणि तिच्या नजरेला पडायचं टाळायचे.

पण सुखाला दृष्ट लागते. पंख्यांनी ओढलेला धूर शेवटी कुठंतरी सोडायला हवा ना? तो सुटायचा खालच्या शिंप्याच्या खिडकीत. शिंपी आठवडाभर खोकला आणि मग सरळ मोजणी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटून उभा राहिला. "मला एवढंच सांगा, मी आता कुठल्या उद्योगात?"

मोठ्या साहेबांनी कप्पेसाहेबांना बोलावलं. "जाऊन पाहणी करा. फार खोलात शिरू नका. 'काही बदल नाही' एवढं लिहा, पुढचं मी बघतो."

कप्पेसाहेब गेले. जिना चढले. खोलीत माणूस उभा राहायला जागा नव्हती. ठेकेदार स्वतः जिन्यात स्टूल टाकून बसला होता. सगळ्या खोलीत तापल्या टोकांचे लाल ठिपके आणि हिरवे बोर्ड. ताईनं वर पाहिलं, ओळख दिली नाही, पुन्हा मान खाली घातली. तिच्या हाताखालचा टाका त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तो खरंच गोल होता, चकचकीत होता.

आणि तिथं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मालकाचा धंदा कोणता? जो त्याच्या छपराखाली मुख्यतः चालतो तो. हेही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. मग या छपराखाली काय चालतंय? माळीकाम? रखवाली? त्यांनी पेन काढलं, जिन्यातल्या उजेडात गेले आणि लिहिलं, 'मुख्य काम: इलेक्ट्रॉनिक्स'. म्हणजे ठेकेदार इलेक्ट्रॉनिक्सवाला. म्हणजे त्याच्या सगळ्या बायका इलेक्ट्रॉनिक्सच्या, आणि त्यांचा दमाही. कप्पा बदलला की फेरमोजणी आपोआप. कारखान्याच्या लाइनवर पंखे बसलेच म्हणून समजा! सही करताना त्यांची छाती अशी फुगली की ती नळी समोर असती तर मणी पार छताला गेला असता.

मोठ्या साहेबांनी कागद वाचला. कप्पेसाहेब बदलीच्या तयारीत उभे होते. पण साहेब चिडलेच नाहीत.

"छान," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. फेरमोजणी पुढच्या महिन्यात." आणि त्यांनी फोनवर हात ठेवून दाराकडे पाहिलं, म्हणजे आता तुम्ही निघा.

कप्पेसाहेब उड्या मारत घरी आले. "ताई, झालं! तू इलेक्ट्रॉनिक्समध्ये! मी स्वतः लिहिलंय, माझ्या सहीनं. आता तिथं दाटीत बसायची गरज नाही, त्या शिंप्याचे शाप नकोत. लाइनवर परत जा. फेरमोजणी लाइनवरच होणार, तुम्ही तिथं दिसायला हव्यात."

"पंख्याखालून उठू म्हणतोस?"

"महिनाभर. फार तर."

"बाकीच्या बायका मला विचारतील."

"सांग, माझ्या भावानं शब्द दिलाय."

ताईनं तसं सांगितलं. बायकांनी सामान पिशव्यांत भरलं आणि त्या कारखान्यात परत गेल्या. भावाच्या शब्दावर बहीण नाही जाणार तर कुणाच्या जाणार?

फेरमोजणीचा निकाल आला तो कप्पेसाहेबांनी उभ्या उभ्याच उघडला. इलेक्ट्रॉनिक्स उद्योग, नव्यानं धरलेल्या ठेकेदाराच्या कामगारांसह. श्वासाच्या तक्रारी जवळजवळ नाहीत. पंख्यांची गरज नाही. त्यांनी कागद झटकला, जणू आकडे कुठंतरी अडकले असतील आणि खाली पडतील. मग ताईच्या नावाचा शोध घेतला. यादीत ताई नव्हती. तिची शेजारीण नव्हती. खोकणारी एकही बाई त्या ठेकेदाराकडे नव्हती.

गेले पंधरा दिवस ताई संध्याकाळी येऊन मुकाट जेवत होती आणि हे फेरमोजणीच्या तयारीत इतके बुडालेले की तिच्या नखांत काय आहे हेही त्यांनी पाहिलं नव्हतं. आता त्यांनी रिक्षा केली आणि थेट कारखाना गाठला.

फाटकातून आत जाताच ताई दिसली. उपटलेल्या वाफ्यांत ती उकिडवी बसली होती, हातात खुरपं. तिच्या शेजारी ओळीनं बाकीच्या बायका. एक खोकली की दुसरी खोकायची, दुसरीचं थांबलं की तिसरी. माळीकाका मुखवटा काढून त्यांना रोप कसं धरायचं ते दाखवत होते.

"ताई! हे काय?"

"ये," ताई मान वर न करता म्हणाली. "कंपनीनं बागेसाठी नवा ठेकेदार नेमला. खोकणाऱ्या सगळ्या जणी त्याच्याकडे. नाही म्हणालीस तर घरी बस, म्हणाले. मोजायच्या आधी चार दिवस झालं हे."

"तू मला बोलली नाहीस?"

"बोलून काय करणार होतास? आणखी एक नियम?"

कप्पेसाहेब वाफ्याच्या कडेला, त्या ओल्या मातीतच बसले. पुढच्या मोजणीत काय होणार ते त्यांना डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होतं. माळ्यांत दमा निघणार, तज्ज्ञ मान डोलावणार, ट्रॅक्टर येणार.

ताईनं एका रोपाची मुळं मातीत दाबली. टाका लावणारे ते हात जड, वेडेवाकडे पडत होते. रोप कललं, तिनं ते पुन्हा उभं केलं. "माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "इथं हवा आहे. श्वास बरा चालतो. आणि काय रे, इतके दिवस तू मला माळ्यांत मोजत होतास. चूक होतं. आता बघ, तुझा नियम बरोबर आला."

"ताई, नको ना असं बोलूस."

तिनं खुरप्यानं समोर दाखवलं. लाइनची लांब काच उन्हात चमकत होती. आत, तिच्या खुर्चीवर, नवीच आलेली एक पोरगी डोकं खाली घालून बसली होती. तिच्या कपाळासमोरून धुराची बारीक शेपटी वर चढत होती, आणि ती मधूनच मनगटानं नाक पुसत होती.

"हात चांगला आहे तिचा," ताई म्हणाली. "मीच शिकवलं. अजून खोकत नाही." मग तिनं आपल्या शेजारची माती हातानं सारखी केली, तिथं रोप लावलेलं नव्हतं. "ही एवढी जागा मी तिच्यासाठी मोकळी ठेवलीय."